दुसऱ्याचा घोडा, आपला वाटा

इंग्लंडमध्ये मला भेटलेले घोडेवाले बहुतेक साधे नोकरदार आहेत. कोणी शाळेत मदतनीस आहे, कोणी व्हॅन चालवतं, कोणी माझ्यासारखं रुग्णालयात पाळ्या करतं. गावाबाहेरच्या शेतकऱ्याकडे घोड्यासाठी एक खोली आणि कुरणाचा तुकडा भाड्याने घ्यायचा आणि सकाळ-संध्याकाळ जाऊन चारा, पाणी, लीद काढणं, खरारा हे सगळं आपल्या हाताने करायचं, अशी त्यांची पद्धत. या व्यवस्थेला इथे डीआयवाय लिव्हरी म्हणतात. पैसा आणि वेळ दोन्ही पुरेनासे झाले की मालक वाटेकरी शोधतो. वाटेकरी ठरलेल्या दिवशी घोड्याचं सगळं करतो, त्याच्यावर बसतो आणि खर्चातला काही भाग उचलतो. घोडा मालकाचाच राहतो. हा ‘काही भाग’ म्हणजे किती, याचं कुठे दरपत्रक नाही. ते दोघांनी बसून ठरवायचं असतं. आम्ही ते २०२२ च्या वसंतात ठरवलं, आणि त्यानंतर बदललंही. ते कसं झालं ते सविस्तर लिहिते आहे, कारण असं बोलणं करायची वेळ आली तेव्हा मला कोणाचा हिशेब समोर ठेवायला मिळाला नव्हता.

मी डर्बीजवळ राहते. वाट्याचं ठरण्याआधी काही वर्षं एका रायडिंग स्कूलमध्ये तासावर शिकत होते. तासाचे चाळीस पौंडांच्या वर जात आणि दर वेळी वेगळा घोडा मिळे. बसायला शिकले, पण घोडा कळत नव्हता. खूर कसा उचलायचा, अंगावर पाऊस वाळला की खोगिराखाली कातडी का सोलवटते, हिरवळ वाढली की जाड्या घोड्याचे पाय का धरतात, हे एकाच जनावराबरोबर राहिल्याशिवाय समजत नाही. म्हणून मी वाट्याचा घोडा शोधत होते. खाद्याच्या दुकानातल्या फलकावर एक चिठ्ठी सापडली: शांत स्वभावाचा अबलख कॉब, वय चौदा, उंची १४७ सेंटीमीटर, आठवड्यातले तीन दिवस. कॉब म्हणजे आखूड पायांचा, दणकट बांध्याचा घोडा. पैशांचा आकडा नव्हता.

घोड्याचं नाव मर्फी. मालकीणबाई साठीच्या आसपासच्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला बसूच दिलं नाही, आणि ते मला फार आवडलं. आधी त्याला कुरणातून आणायला लावलं, खरारा करायला लावला, चारही खूर उचलून साफ करायला लावले. मग स्वतः बसून दाखवलं. पुढच्या खेपेला त्यांच्या शिक्षिकेच्या देखरेखीखाली मी बसले. मर्फी दांडगा, पायांवर केसांचे झुबके असलेला, दुडकी चाल सोडून चौखूर उधळायची अजिबात घाई नसलेला घोडा. माझं मन तिथेच बसलं.

मग चहावर पैशांचं निघालं. बाई म्हणाल्या, अर्धा खर्च. मी विचारलं, अर्धा म्हणजे कशाचा अर्धा? त्या म्हणाल्या, एकूण. एकूण किती होतो, ते मात्र त्यांनी कधी मांडलं नव्हतं. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात नालबंदाच्या पावत्या, पशुवैद्याची बिलं, विम्याची पत्रं असं सगळं कोंबलेलं होतं. मी म्हटलं, पुढच्या रविवारी हा डबा तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर उपडा करू या का? त्या क्षणभर अवघडल्या. आपलं घरचं बिल परक्या बाईपुढे पसरायचं कोणालाही जड जातं. पण हो म्हणाल्या.

त्या आठवड्यात मी बाबांना फोन केला. आमचं घर फलटण तालुक्यातलं. बाबांनी आयुष्यभर शेती केली, गाई-म्हशी पाळल्या. आमच्याकडे जनावर अर्धलीनं द्यायची रीत होती. एकाने गाय घ्यायची, दुसऱ्याने पोसायची आणि होणाऱ्या वासरांत, दुधात दोघांचा वाटा. मी काय करायला निघाले आहे ते ऐकून बाबा म्हणाले, "अगं पोरी, अर्धलीच्या गाईचं दूध तरी मिळतंय. तुला काय मिळणार?" मी म्हटलं, "बाबा, बसायला मिळणार." ते हसले नाहीत. थोडं थांबून म्हणाले, "मग आजारपणाचं आधी बोल. जनावर उभं आहे तोवर सगळ्यांचं जुळतंय. बसलं की भांडणं होत्यात." हा एवढा एक सल्ला मी कागदावर सगळ्यात वर लिहून घेतला.

रविवारी डबा उपडा झाला. आम्ही मागच्या वर्षभराच्या पावत्या लावल्या आणि महिन्याची सरासरी काढली. खोली आणि कुरणाचं भाडं आठवड्याला ३० पौंड, म्हणजे महिन्याला १३०. वाळलेलं गवत उन्हाळ्यात जवळजवळ शून्य आणि हिवाळ्यात ढीगभर, सरासरी ५०. खोलीत अंथरायचा लाकडाचा भुसा २५. चंदी, मीठ, जीवनसत्त्वाची पूड वगैरे २०. नालबंद दर सात आठवड्यांनी येतो. मर्फीच्या फक्त पुढच्या दोन पायांना नाल असते, त्याचे ७५, म्हणजे महिन्याला ४६. विमा ४८. फ्लू-धनुर्वाताची लस, दातांची तपासणी, जंतांसाठी लिदेची तपासणी हे सगळं मिळून २०. खोगीर बघून घेणं, लगाम-तंगाची डागडुजी १०. बेरीज ३४९ पौंड.

बाईंनी तो आकडा बघितला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांच्या मनात अडीचशे होते. मला वाटतं की खर्चाच्या बोलण्यात ही सगळ्यात मोलाची गोष्ट होती. वाटणी नंतरची. आधी दोघांनी एकाच आकड्याकडे बघायला हवं. जोपर्यंत तो आकडा मालकाच्या पोटात असतो तोवर वाटेकऱ्याला प्रत्येक मागणी जास्त वाटते आणि मालकाला प्रत्येक देणं कमी वाटतं.

आता अर्धा म्हणजे १७४ झाले असते. आठवड्यातल्या सातांपैकी तीन दिवस म्हटलं तर १५०. दोन्ही मला पटत नव्हते, आणि न पटण्याचं कारण माझा खिसा नव्हता. १५० मला परवडले असते. मुद्दा असा की या यादीतले सगळे खर्च एका जातीचे नाहीत. भाडं, गवत, भुसा, चंदी हे घोडा रोज जिवंत आणि नीटनेटका राहावा म्हणून होतात. नाल आणि खोगिराची झीज हे त्याच्यावर बसल्यामुळे होतात. तो कुरणात नुसता उभा राहिला असता तर त्याचे खूर तासून घ्यायला दर खेपेला चाळीसेक पौंड पुरले असते. वरचे पैसे डांबरी रस्त्यावर चालण्याचे. आणि विमा, लस, दात हे घोडा आपला आहे म्हणून होतात. मर्फी उद्या विकला तर पैसे बाईंना मिळतील. विम्याच्या कागदावर त्यांचं नाव आहे. ज्यावर माझी मालकी नाही, त्याची राखण मी का करायची?

बाईंनी यावर जे उत्तर दिलं ते मी विसरलेले नाही. त्या म्हणाल्या, "मालकी म्हणजे नुसता फायदा असं तू धरते आहेस. तो उद्या कायमचा लंगडा झाला तर तू महिन्याची नोटीस देऊन जाशील. मी पुढची पंधरा वर्षं त्याला पोसणार आहे." खरं होतं. कॉब प्रकारचे घोडे पंचवीस-तीस वर्षं सहज जगतात आणि त्यातली शेवटची कितीतरी वर्षं कोणी त्यांच्यावर बसत नाही. मी म्हटलं, तो धोका तुमचा आहे हे मान्य, पण त्याचा मोबदला वाटेकऱ्याकडून महिन्याच्या पैशांत घ्यायचा म्हटलं तर तो भाग नक्की किती, हे आपल्या दोघींपैकी कोणालाच सांगता येणार नाही. त्याऐवजी तो धोका आला की आपण काय करायचं ते लिहून ठेवू. हे त्यांना पटलं. मग आम्ही खर्चाचे तीन ढीग केले.

पहिला ढीग, रोजच्या पोषणाचा, २२५ पौंड. तो दिवसांच्या प्रमाणात. माझे तीन दिवस, म्हणजे सातातले तीन, ९६. दुसरा ढीग, वापराचा, ५६. बाई स्वतः तीन दिवस बसतात, मी तीन दिवस, एक दिवस त्याची सुट्टी. म्हणजे वापर निम्मा-निम्मा, माझे २८. तिसरा ढीग, मालकीचा, ६८. तो पूर्ण त्यांचा. माझी बेरीज १२४.

एवढ्यावर थांबलो असतो तर एक गोष्ट सुटली असती. मेहनत. माझ्या दिवशीचं सगळं काम मी करणार आणि त्यांच्या दिवशीचं त्या, तिथवर फिटंफाट. पण मर्फीच्या सुट्टीचा दिवस कोणाचा? बाईंची आई वृद्धाश्रमात असते आणि रविवार त्यांना तिच्यासाठी हवा होता. मी म्हटलं, मी येईन. रविवारी बसायचं नाही, फक्त सकाळी सोडायचा आणि संध्याकाळी आत घ्यायचा. याची किंमत ठरवायला आम्हाला आमची मतं वापरावी लागली नाहीत. यार्डच्या, म्हणजे घोड्याची खोली जिथे आहे त्या आवाराच्या, शेतकऱ्याने भिंतीवर मदतीचे दर लावलेले होते, घोडा सोडायचे ३ पौंड, आणायचे ३. रविवारचे ६, महिन्याचे २६. १२४ वजा २६, ९८. आम्ही १०० वर थांबलो. वरच्या दोन पौंडांत पेपरमिंटच्या गोळ्या, असं बाई म्हणाल्या. मर्फीला त्या फार आवडतात.

पुण्यातल्या एका मैत्रिणीने हे सगळं ऐकून विचारलं की एवढी घासाघीस कशाला, स्वतःचा घोडा घेऊ शकत नाहीस तर मागतील ते द्यावं. मला हा विचार मुळातून चुकीचा वाटतो. जास्त देऊन ठेवलं की आपण मनातल्या मनात गिऱ्हाईक होतो. गिऱ्हाइकाला पावसात लीद काढताना वाटायला लागतं की मी पैसे दिले आहेत. आणि कमी दिलं की मालकाला प्रत्येक वेळी आपण उपकार केल्यासारखं वाटतं, मग तो आयत्या वेळी दिवस बदलतो. दोन्हीकडे शेवटी भोगतो तो घोडा. योग्य आकडा शोधण्यात आम्ही दोन रविवार घालवले, ते मला आजही सत्कारणी लागल्यासारखे वाटतात.

नफ्याचाही एक मुद्दा निघाला होता. तो यार्डच्या शेतकऱ्याने काढला. इंग्लंडमध्ये धंदा म्हणून घोडे भाड्याने द्यायचे तर २०१८ च्या नियमांप्रमाणे स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. खर्च वाटून घेणं वेगळं आणि कमाई करणं वेगळं. आमच्या कागदावर आम्ही स्पष्ट लिहिलं की ही रक्कम खर्चाचा वाटा आहे आणि ती खर्चाच्या वर जाणार नाही. त्या एका वाक्यामुळे पुढे वाढ मागायची झाली तर पावती दाखवावी लागेल, हेही आपोआप ठरलं.

कागद लिहिताना आम्ही ब्रिटिश हॉर्स सोसायटीचा नमुना करार समोर ठेवला. १९४७ साली स्थापन झालेली ही संस्था, तिचे असे नमुने असतात. पण नमुन्यात आपले आकडे आणि आपलं जनावर नसतं. पहिलं कलम आम्ही बाबांच्या सल्ल्याचं घातलं. पशुवैद्याचं बिल नेहमी मालकाचं, घोडा माझ्या दिवशी आजारी पडला तरी. अपवाद एकच: ठरलेलं मोडून मी काही केलं आणि त्यातून इजा झाली तर विम्याने न भरलेली रक्कम माझी. ठरलेलं म्हणजे काय, तेही लिहिलं. एकटीने उड्या मारायच्या नाहीत, अंधारात रस्त्यावर जायचं नाही, दुसऱ्या कोणाला बसवायचं नाही, हेल्मेटशिवाय चढायचं नाही. हा अपवाद मीच सुचवला होता. बाईंना तो मागायचा संकोच वाटत होता आणि तो नसता तर त्या प्रत्येक वेळी धास्तावून राहिल्या असत्या.

दुसरं कलम लंगडण्याचं. घोडा बसण्यालायक नसेल तर मी पैसे द्यायचे का? बऱ्याच ठिकाणी वाटेकरी लगेच हात आखडता घेतात, आणि मालक म्हणतो की तो खातो तर तेवढंच. मला मालकाचं म्हणणं बरोबर वाटतं, पण पूर्ण नाही. पहिले दोन आठवडे पूर्ण पैसे. त्यानंतर पशुवैद्याने बसायला परवानगी देईपर्यंत वापराचा ढीग वगळायचा, पोषणाच्या ढिगातला वाटा निम्मा करायचा, आणि मी माझ्या दिवशी येऊन काम करत राहायचं. तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललं तर दोघींनी परत बसायचं, कोणीही मनात राग न धरता थांबू शकतं. ‘मनात राग न धरता’ हे शब्द बाईंनी हाताने लिहिले.

विम्याचं मी इथे जरा सावकाश सांगते, कारण वाट्याच्या व्यवहारात सगळ्यात मोठा खड्डा तिथेच असतो. मर्फी माझ्या हातातून सुटून रस्त्यावर गेला आणि गाडीला धडकला तर? १९७१ च्या प्राण्यांविषयीच्या कायद्यात जनावराचा ‘राखणदार’ म्हणजे मालक किंवा ज्याच्या ताब्यात ते आहे तो. माझ्या दिवशी ते माझ्या ताब्यात असतं. तसंच २००६ च्या प्राणिकल्याण कायद्यात जनावराची जबाबदारी तात्पुरती घेणाराही जबाबदार धरला जातो. म्हणजे ‘घोडा माझा नाही’ हे वाक्य दोन्हीकडे पुरत नाही. बाईंच्या विम्यात वाटेकरी येतो की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी कंपनीला कळवून नोंद करून घेतली. मी वेगळं म्हणून ब्रिटिश हॉर्स सोसायटीचं गोल्ड सदस्यत्व घेतलं. त्यात दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई आणि स्वतःच्या अपघाताचा विमा असतो. हा खर्च माझा एकटीचा, तो कुठल्या ढिगात धरला नाही. हेल्मेट, बूट, माझे शिकवणीचे तास हेही माझेच.

रस्त्याचा मुद्दा नुसता कागदावरचा नाही. डर्बीशरच्या गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी गडगे. जानेवारी २०२२ मध्ये हायवे कोड, म्हणजे इथली रस्त्यावरच्या नियमांची पुस्तिका, बदलला आणि घोड्याला ओलांडताना ताशी दहा मैलांपेक्षा कमी वेग आणि निदान दोन मीटर अंतर असं त्यात आलं. सगळे पाळतात असं नाही. मर्फी ट्रॅक्टरला डरत नाही, पण हिवाळ्यात कुंपणावर फडफडणाऱ्या प्लास्टिकला डरतो. म्हणून कुठल्या वाटेने जायचं, हेही आम्ही ठरवलं.

पहिली परीक्षा लवकरच आली. त्या वर्षी १९ जुलैला लिंकनशरमधल्या कोनिंग्जबीला ४०.३ अंश तापमान नोंदलं गेलं, देशातला तोवरचा उच्चांक. ऑगस्टमध्ये आमच्या भागात दुष्काळ जाहीर झाला. इंग्लंडची कुरणं फलटणच्या माळासारखी पिवळी पडलेली मी पहिल्यांदा पाहिली. एरवी ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होणारं गवत ऑगस्टमध्येच घालावं लागलं, आणि ज्या शेतकऱ्यांकडून ते यायचं त्यांचीही दुसरी कापणी झाली नव्हती. भाव चढले. एका संध्याकाळी बाईंचा निरोप आला, या महिन्यापासून १३० देशील का.

तीस पौंड फार नव्हते. तरी मी लगेच हो म्हटलं नाही. मी लिहिलं, गवताची बिलं घेऊन बसू या का? बसलो. गवताची सरासरी ५० वरून ८५ वर जाणार होती. वाढ ३५, तिच्यातला माझा सातातला तीन भाग १५. १०० चे ११५ झाले. बाईंनी स्वतःच पेन्सिलने आकडा मांडला आणि म्हणाल्या, काळजीने मी तीस म्हटलं होतं. भीतीपोटी आकडा नेहमी मोठा येतो, त्यांचाच काय, माझाही आला असता. आणखी एक झालं. त्या दिवशी मी त्यांना हिवाळ्याचं सगळं गवत आत्ताच घेऊन ठेवायला सुचवलं आणि माझे तीन महिन्यांचे पैसे आगाऊ दिले. शेतकऱ्याच्या कोठारात जागा होती. एकरकमी घेतल्याने भाव जरा बरा मिळाला.

दुसरी परीक्षा फेब्रुवारीत. सगळीकडे चिखल, दिवस लहान. माझ्या दिवशी मर्फी कुरणाच्या फाटकाशी उभा होता, पण पुढचा उजवा पाय टेकवत नव्हता. हात लावला तर खूर गरम. पावसाळी हिवाळ्यात खुरात घाण शिरून गळू होणं ही इथली नेहमीची गोष्ट. नालबंद आला, नाल काढली, तळ कोरून पुवाला वाट मोकळी केली. मग रोज गरम पाण्यात पाय बुडवायचा, त्यावर पोटीस, पोटिसावर लहान मुलांचा डायपर आणि वरून चांदीच्या रंगाची जाड चिकटपट्टी. ऐकायला गंमत वाटेल, पण अख्ख्या देशात घोडेवाले हेच करतात, कारण डायपर ओल धरून ठेवतो आणि खुराच्या आकारात बसतो. पाचशे किलोचा घोडा तीन पायांवर उभा आणि आपण त्याच्या पोटाखाली ओणवं होऊन पट्टी फाडतोय, हे काम दोन माणसांचं आहे. आम्ही दोघी रोज संध्याकाळी भेटू लागलो, दिवस कोणाचा आहे ते न बघता.

तीन आठवडे लागले. कलमाप्रमाणे दोन आठवडे पूर्ण पैसे, तिसऱ्या आठवड्याचे कमी. मी पूर्णच पाठवले. बाईंनी फरक परत पाठवला आणि लिहिलं, ठरलं आहे ते ठरलं आहे, शिवाय तू एवढं काम केलं आहेस. मी ते पैसे घेतले. घेणं मला महत्त्वाचं वाटलं. आज मोठेपणाने सोडलं तर पुढच्या वेळी त्यांनी काहीतरी सोडावं अशी माझी अपेक्षा राहिली असती, आणि ती कुठेच लिहिलेली नसती.

नालबंदाच्या त्या जादा फेरीचे पैसे कोणाचे, यावर मात्र कागद गप्प होता. नाल हा वापराचा ढीग, गळू हा आजार. बाई म्हणाल्या, आजार, म्हणून माझे. नालबंदाला विचारलं तर तो म्हणाला, मला कोणी का देईना. इथे १९७५ च्या कायद्याने नोंदणी झालेल्या माणसालाच घोड्याला नाल ठोकता येते, त्यामुळे नालबंदांना कामाचा तोटा नसतो आणि त्यांची वेळ मिळणं कठीण असतं. शेवटी आम्ही भेद केला: गळू उघडायचं काम बाईंचं, नाल परत बसवायचं काम निम्मं-निम्मं. त्यानंतर चिखलात नाल उपसून निघाली तरी तसंच, दिवस कोणाचा असो. ती कोणाच्या दिवशी निघाली हे शोधायला गेलं तर कुरणातल्या रात्रीचा हिशेब कोणी द्यायचा?

काही गोष्टींवर मी ठामपणे नाही म्हटलं, तेही नोंदवते. मधल्या काळात बाईंना वाटलं की मी आठवड्यातले चार दिवस यावं आणि पैसे तेवढेच ठेवावे, कारण त्यांच्या गुडघ्याचं दुखणं वाढलं होतं. चौथ्या दिवशी बसायला मला आवडलं असतं, पण माझ्या पाळ्या बघता हिवाळ्यात ते जमलं नसतं, आणि न जमता पैसे तेवढेच ठेवल्याचं ओझं मला नको होतं. मी त्या दिवसासाठी यार्डच्या दराने आणखी एक सोडणं-आणणं स्वीकारलं. एप्रिल ते सप्टेंबरपुरतं. त्याचे २६ पौंड माझ्या वाट्यातून वजा होतात. हिवाळ्यात तो दिवस बाई शेतकऱ्याकडून करून घेतात. आमच्या व्यवस्थेत ऋतू दोन आहेत आणि त्याप्रमाणे रक्कमही दोन, हे आधीच केलं असतं तर अजून सोपं गेलं असतं असं आम्हा दोघींना वाटतं. कारण इथल्या घोड्याचा उन्हाळा आणि हिवाळा म्हणजे दोन वेगळे संसार. मे महिन्यात तो बहुतेक वेळ बाहेर, खोली जवळजवळ रिकामी, काम वीस मिनिटांचं. डिसेंबरात चार वाजता अंधार, ओली घोंगडी, गोठलेलं पाणी फोडायचं.

आता दरवर्षी सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी, गवताचा सौदा झाल्यावर, आम्ही डबा उघडून बसतो. डबा तोच असला तरी आत आता पाकिटं आहेत, तीन ढिगांची तीन. या खेपेला खोगिराचा प्रश्न आहे. मर्फीची पाठ वयाप्रमाणे बदलली आहे आणि जुनं खोगीर खांद्यांवर दाबतं असं तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं. नवीन खोगीर हजाराच्या वर जातं. माझं म्हणणं, खोगीर मर्फीबरोबर राहणार, म्हणून ते मालकीच्या ढिगात. बाईंचं म्हणणं, झिजवणाऱ्या दोघी आहोत. मी जुनं, वापरलेलं पण चांगलं खोगीर शोधायचं सुचवलं आहे. ते बाईंनी विकत घ्यायचं, बसवून-भरून घ्यायचा खर्च निम्मा, आणि पुढे विकलं तर येणारे पैसे त्यांचे. दुकानदाराने एक खोगीर बघायला बोलावलं आहे. ते मर्फीच्या पाठीवर ठेवून बघितल्यावर काय ते ठरवू.